एकशे वीस ‘नाही’ आणि एक ‘हो’

‘मानवी निद्रेचं भविष्य आता विज्ञानाच्या मुठीत आलं आहे!’ अशी घोषणा डॉक्टरबाईंनी सोमवारी सकाळी ठीक दहा वाजता केली. समोर बसलेल्या एकशे एकवीस नव्या जवानांपैकी निम्मे तेव्हा डोळे मिटून झोपले होते. उरलेले उघडे ठेवून.

बाईंचं म्हणणं मात्र खरंच मोलाचं होतं. बारा आठवड्यांच्या कडक प्रशिक्षणात कुणाची झोप उडणार, हे आधीच ओळखलं तर उपायही आधीच करता येईल. आठ महिने खपून त्यांनी वीस प्रश्नांचा फॉर्म आणि त्यामागचं गणित तयार केलं होतं. पहिला आणि सगळ्यांत वजनदार प्रश्न: ‘तुम्हाला झोप येते का?’

संगणकाने निकाल दिला. एकशे वीस जणांना निद्रानाश अटळ. एकटा ठणठणीत.

हा ठणठणीत म्हणजे डुलकी. पोराचं खरं नाव एव्हाना सगळे विसरले होते. कवायतीत उभ्या उभ्या झोपून शेजारच्याच्या खांद्यावर रेलायचा तो. कवायतमास्तरांनी त्याला घरी धाडायचा कागद तयार ठेवला होता. फक्त बाईंची सही बाकी होती.

“तुमचं मशीनच म्हणतंय ना, झोप उत्तम आहे? मग हा नुसता आळस. करा सही.”

“उद्या करते,” बाई म्हणाल्या. सहीआधी त्यांना एकशे वीस जणांच्या कानांत घालायला कापसाचे बोळे हवे होते. त्यासाठी त्या भांडारात गेल्या.

भांडार ब्लँकेटमामांचं. ब्लँकेटं देणं, घेणं, त्यांना हुंगणं आणि हुंगून नाक मुरडणं, यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

“एकशे वीस?” मामा म्हणाले. “डॉक्टरबाई, ही पोरं बुटाची नाडी बांधता बांधता घोरतात.”

“मग फॉर्मवर सगळ्यांनी ‘नाही’ का लिहिलं?”

“विचारलंत काय?”

“झोप येते का.”

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. “अहो, इथे तो प्रश्न नसतो, आरोप असतो! मास्तर ‘झोप येतेय का रे?’ म्हणून खेकसले की ‘नाही, सर!’ म्हणायचं. ‘हो’ म्हटलं की मैदानाला पाच चकरा. तुम्ही छापून विचारलंत, एवढंच.”

बाईंचे आठ महिने त्यांच्या डोळ्यांसमोरून हळूहळू, रांगेत निघून गेले.

“मग ‘हो’ लिहिणारा?”

“त्याच्यात खोटं बोलण्याइतकंही त्राण उरलं नसणार. चला, दाखवतो.”

बराकीत प्रत्येक ब्लँकेटची घडी अशी होती, की आत म्हैस लोळून गेली असावी. डुलकीची मात्र कोरी करकरीत. वर मामांनी पहिल्या दिवशी मारलेली सुतळीची गाठ तशीच. प्रशिक्षण सुरू होऊन तीन आठवडे झाले होते.

डुलकीला बोलावलं.

“रात्री करतोस काय रे?” बाईंनी विचारलं.

“बसून राहतो, मॅडम. घरी ताई उठवायची. पाच हाका लागतात मला. इथे शिट्टी एकदाच वाजते. नाही ऐकली तर घरी पाठवतील.”

“म्हणजे घरी पाठवतील म्हणून झोपत नाहीस, आणि झोपत नाहीस म्हणून घरी पाठवतायत,” मामा म्हणाले. “वा! एकदम शिस्तीत चाललंय. ऐक, उद्यापासून शिट्टीआधी मी येतो. पाच हाका मारीन. सहावी मारायला लावलीस तर ताईला कळवीन.”

बाईंनी सही केली नाही. कागदावर ‘आठ दिवस थांबावे’ असं लिहिलं.

चौथ्या दिवशी सुतळी सुटली. पाचव्या दिवशी डुलकीच्या ब्लँकेटमध्येही म्हैस लोळून गेली होती. घडी वाईट म्हणून मास्तरांनी त्याला दोन चकरा दिल्या, आणि त्या त्याने हसत हसत मारल्या. आठव्या दिवशी मास्तरांनी तो कागद स्वतःच्या हाताने फाडला. वर बाईंना म्हणाले, “पोरगं वाईट नाही हो. कुणी सांगितलंच नव्हतं.”

बारा आठवडे संपले. निरोपाच्या सकाळी बाईंनी पुन्हा भाषण केलं. या वेळी सगळे जागे होते. फॉर्मचा पहिला प्रश्न आता ‘घरी तुम्हाला कोण उठवतं?’ असा झाला होता.

“माझ्या गणितात जे नव्हतं, ते मामांच्या सुतळीत होतं,” बाई म्हणाल्या. “हे ऋण मी विसरणार नाही.”

डुलकी पुढे आला. वर्दीत, ताठ. बोलायचं पाठ करून आला होता, पण मामांचा हात हातात घेतल्यावर एवढंच म्हणाला, “मामा, ताईने नमस्कार सांगितलाय.”

टाळ्या थांबेनात. मास्तरांनीही वाजवल्या. बाईंनी माइक मामांपुढे धरला.

नऊ आठवडे शिट्टीच्या आधी उठणाऱ्या मामांनी कान खाजवला.

“बाकी सगळं राहू द्या, बाई,” ते म्हणाले. “कार्यक्रम झाला असेल तर जरा जाऊ का? झोप येतेय.”