पाच नंबरची कुकी

सुलेखाताईंनी सुरी पुसली, बॉक्समधली पहिली कुकी ताटलीत घेतली आणि तिचे उभे-आडवे चार तुकडे केले. आठ चवींच्या दोन-दोन कुकीज होत्या आणि टेबलाभोवती बायका सात. एकीनं आख्खी उचलली असती तर बाकीच्यांनी काय तिचं तोंड बघायचं? शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये तीस वर्षं काढली तरी काही सवयी सुटत नाहीत, आणि सुटू नयेतच म्हणा.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मंडळातल्या कुणाच्या ना कुणाच्या घरी बुद्धवंदना व्हायची. आज सुलेखाताईंकडे होती. वंदना आटोपल्यावर पुरुषमंडळी खाली बेसमेंटमध्ये मॅच लावून बसली होती आणि बायका वर चहा घेऊन गप्पांना लागल्या होत्या.

बॉक्स मोठा देखणा होता. गडद हिरवा, वर सोनेरी रिबन. लतिकाबाईंनी तो बघितला आणि बघताक्षणी ओळखला. दोन आठवड्यांपूर्वी देवयानीनं नवं घर घेतलं तेव्हा त्यांनीच तो तिला दिला होता. देवयानी समोरच बसली होती आणि तिचं सगळं लक्ष आता चहातली साखर ढवळण्यात लागलं होतं.

लतिकाबाईंना हसू आलं. तिला तरी काय बोलणार? त्यांनी स्वतः कुठे तो उघडला होता? आपल्या प्रत्येक घरात एक कपाट असतं. आलेल्या मेणबत्त्या, फोटोफ्रेमा, चॉकलेटचे डबे त्यात जायचे आणि ऐनवेळी कुणाकडे जायचं निघालं की तिथूनच बाहेर पडायचे. हा बॉक्स कुरिअरनं आला होता. खोक्यावर कुठल्याशा दुकानाचं नाव होतं, चिठ्ठी-बिठ्ठी काही नव्हती. त्यांना घर विकत घेऊन देणारा एजंट दरवर्षी याच दिवसांत असं काहीबाही पाठवायचा. त्याचाच असणार म्हणून खोकं रिसायकलमध्ये गेलं आणि बॉक्स कपाटात.

सुलेखाताईंची प्रीता झाकणाच्या आतलं कार्ड वाचत होती. ती इथेच जन्मलेली, शिकागोत नोकरी करणारी.

"नंबर वन, सॉल्टेड कॅरमल. नंबर टू, लॅव्हेंडर."

"लॅव्हेंडर? ते तर आपण साबणात घालतो," सुलेखाताई म्हणाल्या.

तरी सगळ्यांनी खाल्ली. तिसरी बरी होती. चौथी दोघींना आवडली. ताटली फिरत पाचवीवर आली तेव्हा लतिकाबाईंनी शेजारणीशी बोलता बोलता एक तुकडा उचलून तोंडात टाकला.

आधी लोणी लागलं. मग भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, आणि सगळं गिळून झाल्यावर घशाशी मिरी. लतिकाबाई बोलायच्या थांबल्या.

करंजीच्या सारणात मिरी त्यांनी आपल्या आईशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातची खाल्ली नव्हती. नागपूरला वडील गिरणीत कामाला होते, कापसाच्या तुसानं सदा खोकायचे. म्हणून आई सगळ्यात मिरी घालायची, भाजीत, चहात आणि सणाच्या करंजीतसुद्धा. वडील गेले तरी ती सवय राहिली, आणि लतिकाबाईंबरोबर ती अमेरिकेतही आली. त्यांची अनिका लहानपणी करंजी खाऊन "आई, इट्स स्पायसी" म्हणत घटाघटा पाणी प्यायची, आणि लगेच दुसरी उचलायची.

"हे काय, तिखट लागतंय," देवयानी म्हणाली.

"आणि खोबरं करपलंय," सुलेखाताई म्हणाल्या. "काय आहे गं हे?"

प्रीतानं कार्ड बघितलं. "नंबर फाइव्ह. 'माय मदर्स करंजी'. हाउ क्यूट."

"म्हणजे कुणीतरी आपलीच पोरगी आहे तिथं," सुलेखाताई म्हणाल्या. "कुणाची असेल?"

लतिकाबाईंनी हातातला कप खाली ठेवला. कुणाची असेल, हे त्या एकट्यांना कळलं होतं.

अनिकाला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा मंडळानं जयंतीच्या कार्यक्रमात तिला स्टेजवर बोलावून शाल दिली होती. मंडळातल्या मुलांमधली पहिली डॉक्टर. लतिकाबाईंना त्या दिवशी टाळ्या ऐकून वडिलांची फार आठवण आली होती. आणि या मार्चमध्ये, रेसिडेन्सीच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षाला असताना, पोरीनं ती सोडली. म्हणाली, आई, मला तिथं रोज सकाळी रडू येतं. म्हणाली, शिकागो सिटीत एका कुकीजच्या दुकानात काम करतेय आणि मला ते आवडतंय.

"तुझे आजोबा जन्मभर गिरणीत खोकले ते तू बिस्किटं भाजावीस म्हणून का?" लतिकाबाई बोलून गेल्या होत्या. त्यानंतर सात महिने मायलेकींत फोन नव्हता. दिगंबरराव गराजमध्ये जाऊन लेकीशी बोलायचे आणि बायकोला ते ठाऊक नाही असं समजायचे. त्याही त्यांना तसं समजू द्यायच्या. लोकांना मात्र सांगायच्या, नाईट ड्युटी असते हो, येता येत नाही. दुकानाचं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर खोक्यावरचं नाव ओळखलं असतं. लेकीनं आपण होऊन काही पाठवलं, आणि आईनं ते न उघडता लोकांना देऊन टाकलं.

"लतिका, तुझ्या अनिकाला विचार ना, कुठं आहे हे दुकान," सुलेखाताई म्हणाल्या. "कार्डावरून सिटीतलंच दिसतंय. पण तिला बिचारीला कुठला वेळ, डॉक्टर माणूस."

'विचारते' एवढंच म्हणायचं होतं. सात महिन्यांच्या सरावानं तो शब्द ओठांवर आलाही. सुलेखाताईंनी पाचव्या चवीचे उरलेले तुकडे एका कागदी नॅपकिनवर बाजूला सारले. ते टाकून द्यायचे, हे दिसत होतं.

"खोबरं करपलेलं नाही," लतिकाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे तसंच भाजतात. आणि तिखट लागतेय ती मिरी."

"तुमच्याकडे?"

"ही कुकी अनिकानं केलीय. रेसिडेन्सी सोडली तिनं. मार्चमध्येच. मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगत होते." एवढं बोलल्यावर पुढचं सोपं गेलं. "हा बॉक्स तिनं मला पाठवला होता. मी न बघता देवयानीला दिला."

देवयानीचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आणि मी सुलेखाताईंना दिला," ती हळूच म्हणाली. "सॉरी, लतिकाताई. आमच्याकडे गोड कुणी खात नाही."

"मी तरी कुठं खाणार होते?" सुलेखाताई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात मोनालीकडे वंदनेला न्यायला ठेवला होता. या प्रीतानं रिबन सोडली म्हणून."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. शालीचा विषय कुणी काढला नाही. आज ना उद्या घरोघरी निघणार, हे लतिकाबाईंना पक्कं ठाऊक होतं. सुलेखाताईंनी नॅपकिनवरचा एक तुकडा उचलून पुन्हा खाल्ला आणि सावकाश चघळला.

"सांगितल्यावर कळतं," त्या म्हणाल्या. "मिरीच आहे. जा, फोन कर तिला."

लतिकाबाई कपडे धुवायच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. फोन चारदा वाजला.

"आई? इज बाबा ओके?"

आईचा फोन आला तर काहीतरी वाईटच असणार, इथवर पोरीला आणून ठेवलं होतं आपण.

"बाबा ठीक आहेत. मॅच बघतायत. तुझा बॉक्स मिळाला."

"तीन वीक्स झाले, आई. मला वाटलं, यू डिडन्ट वाँट इट."

"उघडलाच नव्हता गं. एजंटचा समजून दुसऱ्याला दिला. फिरत फिरत आज सुलेखामावशीकडे समोर आला."

पलीकडे कसलंतरी यंत्र घरघरत होतं.

"यू रीगिफ्टेड मी," अनिका म्हणाली. ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

"हो. चुकलं माझं. तेही चुकलं आणि मार्चमध्ये बोलले तेही."

पलीकडे यंत्र बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"कोणती खाल्लीस?"

"पाच नंबरची."

"अँड?"

छान झाली होती असं म्हणता आलं असतं. पण लहानपणापासून या पोरीनं आईकडून कधी उगाच कौतुक करून घेतलं नव्हतं.

"मिरी बरोबर पडलीय. खोबरं मात्र जास्त भाजलंस," लतिकाबाई म्हणाल्या. "रंग यायच्या आधीच उतरवायचं. कढई गरम असते, खाली उतरवल्यावरही ते भाजत राहतं."

"वेट, आई. लिहून घेते. रंग यायच्या आधी म्हणजे किती आधी?"

"ते असं फोनवर नाही सांगता येत. बघावं लागतं." लतिकाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "उद्या येऊन दाखवते. दुकान किती वाजता उघडतं तुमचं?"

"सात. पण आम्ही चारला येतो, आई. पहाटे चारला."

"मग मीही चारलाच येते," त्या म्हणाल्या. "बाबांना गाडी काढायला सांगते."