फेस्टीच्या मातीला आलेले फोन

"आज तरी त्या विटा सोड की रं कोलमन्या!" शेजारचा बार्टली बांधावरनं ओरडला. "सख्ख्या भावाची माती हाय तीनला, आन् तू हिथं चिखलात!"

कोलमननं मान वर केली नाही. दलदलीतून कापून काढलेल्या टर्फच्या, म्हणजे जळणाच्या मातीच्या, ओल्या विटा तो पाच-पाच घेऊन एकमेकींना टेकवत उभ्या करत होता. जून महिना, आठ दिवस सलग कोरडा वारा. आयर्लंडातल्या कोनमाराच्या आभाळाकडून एवढी मेहेरबानी पुन्हा होत नाही. हिवाळ्यात चूल पेटायची तर हे वाळवण आत्ताच उरकायला हवं होतं.

"माती बॉस्टनात हाय," तो म्हणाला. "तवर हात बांधून बसू व्हय?"

खरं म्हणजे त्याला घरात बसवत नव्हतं. फेस्टी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा. चाळीस वर्षांपूर्वी तो बायकोला घेऊन बॉस्टनहून कायमचं राहायला म्हणून परत आला, तेव्हा कोलमननं त्याला फाटकातच अडवलं होतं. फेस्टी काहीतरी सांगायला बघत होता. कोलमननं त्याला बोलूच दिलं नाही. "न्हाई म्हंजे न्हाई," एवढंच म्हणून त्यानं फाटकाला कडी घातली. फेस्टी आल्या वाटेनं बॉस्टनला परत गेला, आणि त्यानंतर दोघांमध्ये एक शब्द झाला नाही.

पुतणी नोरीननं मात्र तीन वर्षांपूर्वी आपणहून ओळख काढली होती. काल तिचाच फोन आला. "काका, बाबांनी तुझ्यासाठी चार ओळी लिहून ठेवल्यात. प्रार्थना संपली की मी त्या सगळ्यांसमोर वाचणार आहे. चर्चमध्ये कॅमेरा असतो, तू तिथून बघ. बाबांची तशी इच्छा होती. तेवढं चुकवू नकोस."

आत्ताच वाच की, असं कोलमनच्या ओठावर आलं होतं. पण कुठल्या तोंडानं म्हणणार? फेस्टीनं शिव्या लिहिल्या असतील की माफ केलं असेल, ह्या विचारानं त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

अडीचला पोस्टाची गाडी वर आली. टपाल वाटणारी डेलिया पांढरं कापड गुंडाळलेला टॅब्लेट घेऊन उतरली. तो नोरीननंच पाठवलेला. कोलमनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, फोनच्या पडद्यावर त्याला माणूस आणि खांब सारखाच दिसायचा. टॅब्लेट मोठा, पण त्यात सिमकार्ड नाही. घर खोलात, तिथं रेंज नाही. फोनला काय ती रेंज मिळायची ती इथं वर, दलदलीच्या काठाला.

"आता नीट ऐका, कोलमनकाका," डेलिया म्हणाली. "फोनातलं नेट म्या ह्या पाटीला जोडून दिलंय. फोन ह्या ढिगावर राहू द्या. हात लावायचा न्हाई. हिथली रेंज लई नाजूक हाय. फोन नुसता वाजला तरी नेट तुटतंय, आन् उचललात तर बोलणं संपेस्तवर पाटी कोरी."

"मग फोन घरीच ठिवू की," बार्टली म्हणाला.

"नेट फोनातच हाय, येड्या."

"मला कोण करतंय फोन?" कोलमन म्हणाला. "वरसातनं दोनदा वाजतोय त्यो."

तीन वाजले. पडद्यावर चर्च उजळलं. मेणबत्त्या, काळे कोट, मधोमध फेस्टीची पेटी. बार्टलीनं टोपी काढून गुडघा टेकला. कोलमन पडद्याला नाक लागेल इतका जवळ सरकला.

आणि फोन वाजला. चित्र थिजलं.

"कापा त्यो!" डेलिया म्हणाली.

"पलीकडल्या वाडीची विनी हाय," बार्टलीनं फोनात डोकावून सांगितलं.

"असंना का!"

पण कोलमनला ते जमेना. मयताच्या घरी माणसं रांगेनं येतात, हात हातात घेतात, एकच वाक्य बोलतात आणि पुढं सरकतात. पुढं आलेला हात त्या गावात आजवर कुणी नाकारला नव्हता. त्यानं फोन उचलला. "तुझ्या दुःखात हाय मी, कोलमन," विनी म्हणाली. "देव तुझं भलं करो," तो म्हणाला. चित्र परत आलं, फादरांचा हात वर झालेला दिसला, आणि पुन्हा फोन.

"अगं बाई! ह्या समद्यास्नी येळ आन् नंबर दिला कुणी?" डेलिया म्हणाली.

"सकाळी रेडिओवर सांगितलं की," बार्टली म्हणाला. "नावासकट, नंबरासकट."

डेलियानं कपाळाला हात लावला. "काका, तुमीच दिली व्हय बातमी?"

"मग? माणूस गेला तर रेडिओवर सांगायचं न्हाई?" कोलमन म्हणाला. "गावचा पोरगा हुता त्यो."

सगळा मुलूख चहाचा कप हातात धरून सकाळी मयतांची नावं ऐकतो. आणि मातीची वेळ झाल्यावर सगळ्यांनी एकदमच फोन लावले होते. पाच, सहा, सात. वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेली माणसं बोलत होती. त्या आवाजांनी कोलमनला बरंही वाटत होतं आणि तीळ तीळ तुटतही होतं. मधल्या फटींत पेटीचा एखादा कोपरा दिसे, धुपाचा धूर दिसे.

"उभी राह्यली! काका, नोरीन उभी राह्यली!"

काळ्या कपड्यातली नोरीन. तिच्या हातात कागद. तिचे ओठ उघडले आणि फोन वाजला.

ह्या वेळी कोलमननंच तो कापला. पाटीवर गोल चक्र फिरू लागलं. पुन्हा वाजला, डेलियानं कापला. चक्र फिरतच राहिलं. पुन्हा वाजला. कापला. चित्र आलं तेव्हा नोरीन कागदाची घडी घालून खाली बसत होती आणि सहा माणसं पेटी उचलत होती.

बार्टली टोपी हातात फिरवत राहिला.

तासाभरानं नोरीनचा फोन आला. तिच्या मागं दफनभूमीतला वारा घोंघावत होता.

"काका, दिसलं?"

"दिसलं, पोरी."

"आणि ऐकलंस ना? फादर नको म्हणत होते, घरातल्या गोष्टी चर्चमध्ये कशाला म्हणून. मी भांडले त्यांच्याशी." तिचा आवाज फुटला. "बाबा शेवटचे आठ दिवस एकच विचारत होते. ह्या वेळी तो माझं शेवटपर्यंत ऐकेल ना गं?"

खरं सांगा, पुन्हा वाचायला सांगा, अशा खुणा डेलिया करत होती. कोलमननं तिच्याकडं पाठ केली. ऐकलं नाही म्हणावं, तर फेस्टी दुसऱ्यांदा फाटकातनं परत गेला असता.

"ऐकलं," तो म्हणाला. "शेवटपतूर."

"मग? बाबांनी विचारलंय त्याचं काय? हो की नाही?"

फेस्टीनं काय विचारलं असेल? घर? जमीन? आईबापाच्या शेजारी थडग्यावर आपलं नाव? काहीही असू शकत होतं. चाळीस वर्षांपूर्वी भावाचं ऐकून न घेता त्यानं नाही म्हटलं होतं.

"व्हय," कोलमन म्हणाला. "व्हय म्हण त्येला."

नोरीन पलीकडं रडत हसली. तिनं फोन ठेवला.

"कशाला व्हय म्हणलास रं?" बार्टलीनं विचारलं.

"ठावं न्हाई," कोलमन म्हणाला, आणि मातीनं भरलेल्या हातांत तोंड घालून तो भावासाठी रडला.