लाल बंदुकीचा डोळा

मी एक जुनी बंदूक आहे. घाबरू नका, मित्रांनो, खरी नाही. टीव्हीवरच्या खेळातली, लाल प्लास्टिकची, शेपटीसारखी लांबलचक वायर असलेली. माझ्या हातून आजवर एक डासदेखील मेलेला नाही. तरी मला बघून पाहुण्यांची मुलं आधी हात वर करतात आणि मग मलाच मागतात. त्यांना कुणी सांगत नाही, पण तुम्हाला सांगते. मी गोळी झाडतच नाही. मी बघते.

माझ्या नळीत काचेचा एक डोळा आहे. घोडा ओढला की जुन्या टीव्हीचा पडदा पापणी लवायच्या आत काळा व्हायचा आणि शत्रू असेल तिथे पांढरा ठिपका चमकायचा. तो मला दिसला की शत्रू पडला. नाही दिसला की नेम चुकला आणि सगळे मला शिव्या देणार. स्वतःचा हात हलला हे कोण कबूल करतंय!

कारखान्यात आम्ही दोघी एकाच खोक्यात भरल्या गेलो. मी लाल आणि माझी जुळी बहीण निळी. सोबत खेळाचा डबा, आणि डब्यात एकच खेळ. त्याचं छापील नाव इंग्रजीत होतं, पण आमच्या घरी त्याला सगळे 'लोखंडी दार' म्हणत. एका गावाच्या वेशीवर लोखंडी दार, दाराशी दोन पहारेकरी आणि समोरून येणारे मुखवटेवाले. दोघांनी मिळून दार राखायचं. एक पहारेकरी पडला, तर दुसऱ्याने त्याच्यावर बंदूक रोखून घोडा दाबून धरायचा. मग पडलेला हळूहळू उठून उभा राहतो. मला हा नियम फार आवडायचा. बंदुकीने माणूस उठवायचा, असा खेळ दुसरीकडे कुठे बघितलाय तुम्ही?

आमचं घर म्हणजे एका टीव्ही मिस्त्रींचं घर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. एका गिऱ्हाइकाची बदली झाली, तेव्हा त्याने जाताजाता आमचं खोकं मिस्त्रींच्या हातात ठेवलं. "तुमच्या पोरीला होईल," म्हणाला. पोरगी तेव्हा दारामागून डोकावत होती. तिला घरात ठकू म्हणत. नाव दुसरंच होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत.

त्या दुकानात चहूकडे टीव्हीच टीव्ही. कुणाची पाठ उघडी, कुणाचं पोट बाहेर. स्क्रू डब्यांच्या झाकणांत पडलेले, आणि हवेत वायरी जोडायला वितळवलेल्या कथलाचा वास. मिस्त्री म्हणजे ठकूचे बाबा, भारी नीटनेटके. कुठलीही वायर हातात आली की आधी तिचं इंग्रजी आठासारखं वेटोळं घालणार, मग त्यावर काळ्या टेपची एक पट्टी, आणि पट्टीचं टोक दुमडून ठेवणार. ठकूने एकदा विचारलं, "बाबा, टोक कशाला दुमडता हो?"

"अगं, उद्या जो कोणी ही वायर उघडेल त्याला नख लावून खरवडत बसावं लागू नये म्हणून."

"पण तो कोण असेल, ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे?"

"नसेना का ठाऊक. त्याची नखं वाचली म्हणजे झालं."

रविवारी दुपारी दुकानाची फळी लागली की बापलेक खेळायला बसत. मी बाबांच्या हातात, निळी ठकूच्या. आई आतून ओरडायची, "अहो, लहान आहात का तुम्ही? पानं वाढलीयेत!" बाबा "आलो आलो" म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत. आणि तुम्हाला एक गुपित सांगू? बाबांचा नेम मुळीच वाईट नव्हता. तरी ते सारखे पडायचे. पडले की ओरडायचे, "ठकू, उठव गं!" मग ती जीभ दातांत धरून निळीचा घोडा दाबून धरायची, आणि पडद्यावरचा पहारेकरी उठला की घर डोक्यावर घ्यायची. "उठवलं! बाबा, मी उठवलं तुम्हाला!" ते मुद्दाम पडायचे हे मला कळायचं. हात माझ्यावरच होता ना त्यांचा.

एक दार राखलं की खेळात पुढचं, आणखी अवघड दार यायचं. शेवटचं दार मात्र त्यांना राखता आलं नाही. दर वेळी तिथे दोघंही एकदम पडत आणि उठवायला कुणीच उरत नसे. मग ठकू मोठी झाली. शिकायला गेली, नोकरीला गेली, लांबच्या शहरात राहिली. जाताना म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी शेवटचं दार!" बाबा म्हणाले, "ये तू. मी टीव्ही तयार ठेवतो."

आणि बाबांनी तो खरंच ठेवला हो! जग बदललं, चपट्या पडद्यांचे टीव्ही आले, दुरुस्तीला कुणी येईना, दुकानाची फळी एकदा लागली ती लागलीच. सगळे जुने टीव्ही भंगारात गेले. एकच मोठा, ढेरपोट्या, बाबांनी कोपऱ्यात चादर घालून ठेवला. अधूनमधून चालू करून बघायचे, धूळ पुसायचे, पुन्हा चादर. आई होती तोवर ती म्हणायची, "काय ही अडगळ!" आई गेली आणि तेही म्हणणारं कुणी राहिलं नाही. मी आणि निळी त्याच टीव्हीवर, खोक्यात. निळीचा डोळा एकदा खाली पडून फुटलेला. मी धडधाकट, पण करते काय? दात आहेत तर चणे नाहीत.

पुढे बाबांना झटका येऊन गेला. उजवा हात थोडा जड झाला, कधी कधी शब्द सापडेनात. ठकू धावत आली, राहिली, परत गेली. जीव तुटत होता पोरीचा. एकट्या बापाला जरा बरं वाटावं म्हणून तिने काय केलं, तर नवाकोरा, भिंतभर चपटा टीव्ही पाठवून दिला. जुना द्या आणि नवा घ्या, अशी सवलत होती. टीव्ही आणणारे दोघे म्हणाले, "आजोबा, हा डबा आम्ही नेतो. ताईंनी फोनवर सांगितलंय."

बाबा कोपऱ्याशी जाऊन उभे राहिले. त्यांनी चादर काढली. तिची घडी घालायला त्यांना खूप वेळ लागला. मग म्हणाले, "न्या."

संध्याकाळी ठकूचा फोन. "बाबा, आवडला का टीव्ही?" "झकास आहे गं. माणसं अगदी खोलीत आल्यासारखी दिसतात." आमचं खोकं त्यांनी उचलून कपाटावर ठेवलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी त्या चपट्या टीव्हीला किती वेळा म्हटलं असेन. पण त्याचा तरी काय दोष?

आणि मित्रांनो, नशिबाची थट्टा बघा. वर्ष सरतंय न सरतंय तोच बातमी आली की 'लोखंडी दार' परत येतंय! नवी चित्रं, नवा आवाज, पण तेच गाव, तेच दार. जगभरातली पोरं, म्हणजे आता पोटं सुटलेली आणि चष्मे लागलेली पोरं, वेडी झाली. ठकू त्यांच्या एका गटात होती. झटक्यानंतर ती बहुतेक दर शनिवारी गाडी पकडून बाबांकडे यायची, आणि आली की फोनमधून वाचून दाखवायची. कुणी लिहायचं, "ऑफिसच्या मीटिंगमध्येच मी ओरडलो." कुणी रुसलेला, "मुखवटे बदलले, सत्यानाश केला." कुणी लिहिलं होतं, "माझा भाऊ असता तर!" एवढंच, आणि त्याखाली कितीतरी जणांनी नुसते हात जोडले होते.

तिथेच एकाने लिहिलं, "जुन्या बंदुका चपट्या टीव्हीवर चालत नाहीत. जुना ढेरपोट्या टीव्ही असेल तर जिवापाड जपा." हे मात्र तिने बाबांना वाचून दाखवलं नाही. फोन उलटा ठेवून मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ आतच राहिली. कुणी टाकून बोललं असतं तर परवडलं असतं. जुना टीव्ही आपणच द्यायला लावला, हे तर तिचं तिलाच कळलं होतं.

पण ठकूच ती! दुसऱ्या दिवशी बाजारातून नुकताच विक्रीला आलेला नवा खेळ, नवा डबा आणि बिनवायरची दोन बटणयंत्रं घेऊन आली. कपाटावरून मला काढलं, पुसलं आणि बाबांच्या हातात दिलं. "बाबा, शेवटचं दार!" माझ्या वायरचं टोक कुठे जोडणार? नव्या डब्याला तसं भोकच नव्हतं. तिने ते गुपचूप टीव्हीच्या टेबलामागे सोडून दिलं. मग बाबांच्या शेजारी बसली. एक यंत्र उघड हातात, दुसरं मांडीवरच्या उशीखाली. बाबांनी घोडा ओढला की माझा आवाज व्हायचा, टक्. तो ऐकला की ती उशीखालचं बटण दाबायची. पडद्यावर मुखवटेवाला पडायचा.

"बाबा, काय नेम आहे हो तुमचा अजून!"

"जित्याची खोड," बाबा म्हणायचे.

मला काही म्हणता काही दिसत नव्हतं. त्या पडद्याचा उजेड मला उमगतच नाही. माझ्यापुढे नुसता अंधार आणि मागे त्यांचा तो जड हात. ठकूला वाटलं, जुनी बंदूक चपट्या टीव्हीवर चालत नाही, हे आजाराने बाबा विसरले असतील. परवाच तर शेजाऱ्यांचं नाव विसरले होते.

अहो, नावं विसरतील! पण ज्याने उभा जन्म टीव्हीच्या पोटात हात घालून काढला, तो बंदुकीचा डोळा कसा चालतो ते विसरेल?

पहिल्याच दिवशी, ती चहा टाकायला आत गेली तेव्हा बाबा टेबलाला धरून हळूच वाकले. मागे लोंबणारं माझं टोक त्यांनी बघितलं. जड हाताने, थांबत थांबत वायरचं वेटोळं केलं, खणातली टेप काढून पट्टी लावली आणि वेटोळं मागे खोल सरकवलं, कुणाला दिसणार नाही असं. मग मला उचलून माझ्या डोळ्यावरची धूळ पुसली आणि पुटपुटले, "गप्प बसायचं हं. पोर केवढी खूश आहे." त्या दिवसापासून ते घोडा मुद्दाम जोरात ओढू लागले. तिला टक् नीट ऐकू यावं म्हणून.

तिच्या पोटात एक गुपित, यांच्या पोटात तेच. आणि दोघांच्या मध्ये मी, आंधळी.

असे कितीतरी रविवार गेले. आणि एका दुपारी शेवटचं दार राखलं गेलं. पडद्यावर भोंगे वाजले, दोन्ही पहारेकरी दाराशी टेकून बसले. ठकूने बाबांना मिठी मारली. "जमलं, बाबा! तुम्ही राखलंत!" बाबांनी मला मांडीवर ठेवलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "दमली असशील गं, ठकू."

ती हसली. "मी कशी दमेन? गोळ्या तर तुम्हीच झाडत होता."

तो हिवाळा बाबांनी काढला नाही.

लोक आले, लोक गेले. घर आवरायला ठकू एकटीच राहिली. आवरता आवरता तिने एकदा खेळ लावला. पडद्यावर दोघं पहारेकरी उभे. तिचा लढत होता, बाबांचा नुसता उभा होता, म्हणून पडला. तिने दाबून धरलं, तो उठला. पुन्हा पडला. तिने पुन्हा उठवला. किती वेळ करत होती कोण जाणे. शेवटी तिनेच टीव्ही बंद केला.

मग तिने त्या गटात बाबांचा फोटो टाकला. हातात मी, चेहऱ्यावर शेवटच्या दाराचं हसू. आणि काय सांगू, ओळख ना पाळख, पण माणसं रडली. कुणी लिहिलं, "पहारेकऱ्याचा पहारा संपला." कुणी लिहिलं, "आज मीही वडिलांना फोन केला." आणि एकाने विचारलं, "ताई, ती बंदूक अजून आहे का? वायरीसकट एक फोटो टाकाल? आमची हरवली."

तिने मला उचललं. वायर ओढली, ती अडकली. टेबल सरकवून तिने हात घातला आणि वेटोळं बाहेर काढलं.

इंग्रजी आठासारखं वेटोळं. त्यावर काळी टेप. टेपचं टोक दुमडलेलं.

 तिने तर वायर तशीच सोडून दिली होती. तिचा अंगठा त्या दुमडलेल्या टोकावर गेला आणि तिथेच थांबला. मग ती जमिनीवर बसली. "बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?" असं तिने मला विचारलं. मलाच विचारलं हो! घरात दुसरं होतं कोण? आणि मी काय बोलणार? मला घोडा आहे, डोळा आहे, तोंड नाही. "दमली असशील म्हणाला होतात," एवढं म्हणून ती मला पोटाशी धरून रडली. आई गेल्यावरही ती अशी रडली नव्हती.

ती पट्टी तिने अजून उघडलेली नाही. मी वेटोळ्यासकट तिच्या नव्या घरी फळीवर आहे. मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू जपा, असं सांगायची पद्धत आहे. जपा, माझी ना नाही. पण आम्ही काय, आम्ही फळीवर पडून राहू. तुमच्या घरात कुणी तुम्हाला हसवण्यासाठी मुद्दाम पडत असेल, तर आजच त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याने "उठव" म्हटलं, की हातातलं काम टाकून त्याला उठवा. आमची ठकू अजून कधीकधी मला हातात घेते आणि बंद टीव्हीसमोर घोडा ओढते. टक् वाजतं. मग ती जरा वेळ ऐकत राहते.