छातीवरचा हात

वीरण्णाने चष्मा कपाळावर सरकवला आणि एका बोटाने तो मोबाईलवर एकेक अक्षर उमटवू लागला. अखेरच्या आजारातील माणसाची घरी देखभाल कशी करावी, हे विचारण्यासाठी दवाखान्याने एक क्रमांक दिला होता. पलीकडे माणूस नव्हता. यंत्रच मराठीत उत्तरे देई.

‘वडिलांना घशाचा कर्करोग आहे. वाचा गेली आहे. लातूरहून स्कॅन करून आणल्यापासून अन्नाला तोंड लावत नाहीत. शेवट जवळ आला काय?’

‘या आजारात भूक मंदावते. केवळ त्यावरून शेवट सांगता येत नाही. त्यांना कुठे वेदना आहेत का?’

‘छातीवर सारखा हात ठेवतात. गोळी दिली तरी हात तिथेच.’

‘त्यांनाच विचारून पाहा. मानेने होय-नाही सांगता येईल, असे विचारा.’

वीरण्णा ओशाळला. औशाच्या आडत बाजारात दिवसभर बोलणाऱ्या त्याने डॉक्टरांना विचारले होते, पाहुण्यांना विचारले होते. अप्पांना मात्र नाही. तो खाटेजवळ गेला.

“अप्पा, छातीत दुखायलंय का?”

अप्पांनी मान हलवली. नाही.

“मग हात का ठेवता हितं?”

वृद्धाने त्याच्याकडे क्षणभर पाहिले. सदऱ्याची गुंडी सोडून गळ्याभोवती बोट फिरवले. गळा मोकळा होता.

वीरण्णाने दाराकडे पाहिले. स्कॅनच्या यंत्रात धातू चालत नाही म्हणून त्यानेच अप्पांच्या गळ्यातले, सदा छातीवर असणारे इष्टलिंग चांदीच्या डबीसह उतरवून घेतले होते, आणि घाईत रिपोर्टांच्या पिशवीत टाकले होते. ती पिशवी दारामागे, चपलांच्या वर, खुंटीला लटकत होती. लिंगपूजेवाचून अप्पांनी आयुष्यात अन्नाचा कण घेतला नव्हता.

त्याने पिशवीतून डबी काढली, धुतली, पुसली. लिंग अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवून विभूती पुढे केली. अप्पा कितीतरी वेळ तळहाताकडे एकटक पाहत राहिले. त्यांचे ओठ हलत होते.

“अप्पा, माझ्याकडून...”

स्वयंपाकघरातून बांगड्या वाजल्या. अप्पांनी लगबगीने लिंग डबीत ठेवून तिचा दोरा गळ्यात घातला आणि शाल हनुवटीपर्यंत ओढून ती झाकली.

वीरण्णाची बायको गुरम्मा ज्वारीच्या पेजेची वाटी घेऊन आली.

“मामा, दोन घास तरी घ्या की. न्हाई तर हे बी उपाशीच फिरत्यात.”

अप्पांनी तोंड उघडले.

गुरम्माचा चमचा हवेतच थांबला. मग तिने घाईघाईने तो त्यांच्या तोंडात दिला.

“अहो, मोबाईलवाल्यानं सांगितलं व्हय कायतरी? लई शहाणं हाय की ते! काय म्हनलं?”

“अप्पांनाच इचारा म्हनलं.” वीरण्णा जमिनीकडे पाहत होता.

“मग? काय सांगितलं मामांनी?”

वीरण्णाने मान वर केली. अप्पा त्याच्याकडेच पाहत होते.

वीरण्णा सांगणार तोच त्यांनी दुसऱ्या घासासाठी तोंड उघडले.