मावशीवर पडलेला पास

कॉलेजच्या हॉलमधली लाकडी जमीन उखडून नवी घालायचं काम पाचरकडे आलं. त्याने एका दमात होकार दिला आणि घरी येऊन तोंड पाडून बसला. बायकोने विचारलं, "काम मिळालं तरी चेहरा असा का?"

"मावशीला काढायचंय," तो म्हणाला.

"मग काढा की एकदाची! तिची गोष्ट ऐकण्यात माझा अर्धा संसार गेला."

पाचर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो सुताराचा मुलगा, अंगाने बारीक, आणि कॉलेजच्या बास्केटबॉलच्या संघात प्रतिपक्षाच्या दोन धिप्पाड खेळाडूंमधून असा घुसायचा की पाचर ठोकावी. कप्तानाने पहिल्याच आठवड्यात हे नाव दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता पंचावन्नाव्या वर्षीही जुनी मंडळी त्याला पाचरच म्हणत. कप्तानालाही पुढे सगळे कप्तानच म्हणत राहिले, चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा.

आणि मावशी म्हणजे हॉलच्या जमिनीवरची, दाराकडच्या बास्केटपासून आठ पावलांवरची, ताटाएवढी एक जागा. दिसायला चारचौघींसारखी. पण तिथे बॉल आपटला की तो वर यायचाच नाही. थप् असा आवाज करून घोट्यापर्यंत उडायचा आणि मरायचा. शेवटच्या वर्षाचा हंगाम सुरू होण्याआधी सरावात हा शोध लागला. पाचरने गुडघ्यांवर बसून बोटाने ठोकून पाहिलं आणि निदान केलं, "खालची रीप निसटलीय. फळीला आधारच नाही." संघातला सगळ्यात उंच गडी, ज्याला सगळे खांब म्हणत, तो म्हणाला, "मावशीकडे गेलेला माणूस लवकर परत येत नाही, तसा हा बॉल." झालं, बारसं झालं.

शहाणा संघ असता तर सरांना सांगून जागा दुरुस्त करून घेतली असती. पण हे पाच जण शेवटच्या वर्षात होते आणि त्याआधीची दोन वर्षं त्यांनी इतका मार खाल्ला होता की शहाणपण परवडत नव्हतं. कप्तानाने चौघांना कपडे बदलायच्या खोलीत गोळा केलं, दार लावलं आणि शपथ घातली. धाकट्या खेळाडूंना सांगायचं नाही, घरी सांगायचं नाही, सरांना तर मुळीच नाही. सर रसायनशास्त्र शिकवायचे आणि खोटं बोलणाऱ्याला हॉलभोवती वीस फेऱ्या मारायला लावायचे.

मग तो हंगाम! पाचरला आजही त्यातला एकेक सामना पाठ होता. समोरचा खेळाडू बॉल आपटत दाराकडच्या बास्केटवर चालून आला की दोघांनी त्याला दोन बाजूंनी रेटत आणायचं. "मावशीकडे घे!" असं खांब ओरडायचा आणि दुसऱ्या क्षणी त्या बिचाऱ्याचा हात हवेत, बॉल जमिनीवर निपचित. तो आपल्या तळहाताकडे बघत राही, तोवर पाचरने बॉल उचललेला असे. मध्यंतरानंतर बाजू बदलायच्या, मग तेच टोक आपल्या वाट्याला. तेव्हा तिला टाळून खेळायचं. त्यासाठी पाचही जणांनी डोळे मिटून ती जागा ओलांडायचा सराव केला होता. बाहेरगावी गेले की हे वाघ मांजर व्हायचे आणि हरून यायचे. पण घरच्या हॉलमध्ये सलग सात सामने जिंकले. जिंकल्यावर पाचही जण नळाखाली डोकी धरून ओरडायचे, "माय मरो, मावशी जगो!" धाकट्यांना वाटायचं, यांना वेड लागलंय. सर म्हणायचे, "मनापासून खेळलात की असं होतं." तेव्हा मात्र पाचही जण बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकायचे.

असे दिवस पुन्हा आले नाहीत. पाचरचं लग्न झालं, धंदा झाला, पोरं मार्गी लागली, सगळं उत्तम झालं. पण घामाने ओल्या बनियनवर स्वेटर चढवून, पाच जणांनी तीन सायकलींवरून घरी जायचं सुख काही वेगळंच होतं.

अंतिम सामना घरच्याच हॉलमध्ये होता, चौदा तारखेला, रविवारी. तयारीसाठी हॉल तीन दिवस बंद होता, सरावही झाला नव्हता. पाहुणे आले होते, खुर्च्यांना कापडं घातली होती. पहिल्या रांगेत एका मोठ्या कारखान्याच्या संघाचा माणूस वही घेऊन बसला होता. तो कप्तानालाच बघायला आला होता, हे साऱ्या कॉलेजला ठाऊक होतं. आवडला तर कारखान्यात नोकरी आणि संघात जागा.

त्या दिवशी मावशी पहिल्यापासून रुसली होती. पहिल्या अर्ध्यात दोनदा गडी तिच्याकडे रेटत नेला, आणि दोन्ही वेळा बॉल टुणकन उडून त्याच्या हातात परत. खांब कपाळाला हात लावून म्हणाला, "वीतभर हुकलं." तरी झुंजले. शेवटचे बारा सेकंद उरले तेव्हा एका गुणाने मागे होते. पाचर दोघांच्या मधून घुसला, बास्केटखाली कप्तान मोकळा दिसला, आणि वरून हात आडवे आले म्हणून पाचरने खालून टप्प्याचा पास दिला. बॉल हातातून सुटतानाच त्याला कळलं. टप्पा बरोबर मावशीवर पडणार होता. तो पडलेला त्याने डोळ्यांनी पाहिला. पुढच्या क्षणी बॉल कप्तानाच्या बोटांखालून निसटून रेषेबाहेर गेला होता, आणि शिट्टी वाजली.

कपडे बदलायच्या खोलीत कप्तान डोक्यावर टॉवेल घेऊन बसला. टॉवेलाआडूनच म्हणाला, "बॉल वर आलाच नाही." चौघांनी पाचरकडे पाहिलं. पाचर म्हणाला, "चूक माझी. मावशीवर टाकला." त्याच्यावर कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी घरी गेला तर वडील ओसरीत एका खिडकीच्या चौकटीला पटाशी लावत बसले होते. हरल्याचं त्यांना कळलं होतं. वडील मुलखाचे अबोल. त्यांनी एवढंच विचारलं, "पायाखाली बरं होतं ना?"

"पायाखालचं काय घेऊन बसलात, बाबा!" पाचर खेकसला आणि आत जाऊन पडला. वडील "बरं," म्हणाले आणि पटाशी ठोकत राहिले.

कारखान्याचं पत्र कप्तानाला आलं नाही. तो पुढे सासऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानात बसला आणि चांगला स्थिरावलाही. परीक्षा संपल्या, पाच जण पाच दिशांना गेले. त्या हॉलमध्ये पुन्हा पाय ठेवायची ना पाचरला हिंमत झाली ना कप्तानाला. दोघांची मैत्री मात्र टिकली. फक्त चारचौघांत भेट झाली की कप्तान पाचरच्या खांद्यावर हात टाकायचा आणि म्हणायचा, "हा आमचा पाचर! अंतिम सामन्यात यानेच पाचर मारली." मग ती सगळी गोष्ट, मावशीसकट. माणसं हसायची, पाचरही हसायचा. घरी येऊन जेवण कमी जायचं. बायको म्हणायची, "किती वर्षं ऐकून घेणार आहात?" तो म्हणायचा, "खोटं थोडंच बोलतो तो?"

अशी चौतीस वर्षं गेली.

कामाच्या चौथ्या दिवशी दुपारी माणसं जेवायला बाहेर गेली, तेव्हा पाचर एकटाच मावशीपाशी आला. तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, हे त्याने आधीच ठरवलं होतं. त्याने पहार घातली, खिळे कुरकुरले, एकेक फळी निघाली. आत वाकून पाहिलं आणि तो तसाच राहिला.

निसटलेली जुनी रीप होती, त्याच्या निदानाप्रमाणेच. पण तिला खेटून दुसरी, चांगली जाडजूड रीप घट्ट बसवलेली होती. म्हणजे जागा दुरुस्त झाली होती. कधीतरी, कुणीतरी केली होती. त्याने खिळे काढून ती रीप मोकळी केली, उलटी केली, आणि खालच्या बाजूवरची पेन्सिलची अक्षरं उजेडाकडे धरली.

ते अक्षर त्याने हजार ठिकाणी पाहिलं होतं. वडील प्रत्येक कामाच्या झाकल्या बाजूला तारीख आणि काय केलं ते लिहून ठेवत. म्हणत, "वरून सगळेच बघतात. खालून बघणारा पुढचा सुतार असतो. त्याला सांगून ठेवावं." पाचरही तीच रीत पाळत आला होता. वडिलांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि पुढचा सुतार तोच निघाला होता.

रिपेवर लिहिलं होतं: तारीख बारा. महिना तोच, साल तेच. खाली, "रीप निसटली होती. नवी दिली. पोरगा खेळतो इथे."

बारा तारीख. सामना चौदाला.

पाहुणे येणार म्हणून कॉलेजने कुणाला तरी बोलावलं असणार, आणि गावात सुतार किती होते? वडिलांनी दोन दिवस आधी जागा पक्की केली होती. म्हणजे त्या दिवशी मावशी नव्हतीच. म्हणूनच बॉल दोनदा टुणकन उडाला होता. म्हणजे त्याचा टप्पा बरोबर पडला होता, बॉल बरोबर वर आला होता, आणि तो कप्तानाच्या हातून सुटला होता. साध्या, सरळ, घामेजल्या हातांतून.

पाचरला आधी हसू आलं, मग संताप आला. चौतीस वर्षं! चौतीस वर्षं चारचौघांत ऐकून घेतलेली थट्टा त्याच्या डोळ्यांसमोरून गेली. संध्याकाळी कप्तानाच्या दुकानात जायचं, गिऱ्हाइकांसमोर ही रीप टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, लाव चष्मा आणि वाच. त्याने ठरवूनच टाकलं.

तेवढ्यात दारात काठीचा आवाज आला. कप्तान स्वतःच आला होता. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, एका हातात काठी, दुसरा हात मुलीच्या खांद्यावर.

"काका, बाबा सकाळपासून मागे लागलेत," मुलगी म्हणाली. "मावशीला शेवटचं भेटायचंय म्हणे."

"भेट की," पाचर म्हणाला. रीप त्याच्या हातातच होती.

कप्तान खड्ड्याच्या कडेला आला. त्याने बास्केटकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. नेहमीची थट्टा आली नाही. मुलीला म्हणाला, "गाडीत माझी पाण्याची बाटली राहिलीय, आणतेस?" ती गेली तसा तो हळूच म्हणाला, "पाचर, एक विचारू? हसू नकोस."

"बोल."

"खाली काय निघालं?"

"का रे?"

"अरे, काय सांगू तुला. सगळीकडे ही गोष्ट सांगत फिरलो. पण कधीकधी पहाटे जाग आली की वाटतं, बॉल नीटच आला होता. बोटांना लागला होता माझ्या. माझ्याच हातून सुटला." त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "तसं असेल तर तुझं मी फार वाईट केलं रे. आणि माझंही. एवढी एकच गोष्ट आहे माझ्याकडे, दुसरी नाही. म्हणून आलो. तू सुतार आहेस, तुला कळेल. खरं सांग."

पाचरने रीप छातीशी धरली, अक्षरं आतल्या बाजूला. खरं तिथेच होतं, बोटांखाली. नुसता हात फिरवायचा अवकाश. समोर काठीवर रेललेला म्हातारा होऊ घातलेला माणूस होता, आणि त्याच्या आत कुठेतरी डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेला एकवीस वर्षांचा कप्तान. पाचरला त्याची इतकी माया आली की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"ती बघ," त्याने पायाने जुन्या निसटलेल्या रिपेकडे खूण केली. "आधारच नव्हता फळीला. त्या जागेवर बॉल उडणं शक्यच नाही. काय खुळ्यासारखा पहाटे जागतोस?"

"नक्की?"

"सुतार मी आहे की तू? मावशीच होती. मीच टाकला तिच्यावर."

कप्तानाने डोळे पुसले आणि काठी आपटली. मुलगी बाटली घेऊन आली तेव्हा तो फुशारकीने सांगत होता, "बघ, ती रीप बघ! सांगत नव्हतो? याने पाचर मारली म्हणून, नाहीतर आज तुझा बाप कुठे असता!"

"मारली खरी," पाचर म्हणाला आणि हसला. आज त्याला ते हसू आणावं लागलं नाही.

ती दोघं गेल्यावर त्याने रीप पुन्हा उलटी केली. लाकूड अजून दणकट होतं, आणखी चाळीस वर्षं सहज गेली असती. कानामागची पेन्सिल काढून त्याने वडिलांच्या अक्षरांखाली आजची तारीख घातली, तीच रीप पुन्हा दिली असं लिहिलं, आणि थोडं थांबून आणखी एक ओळ लिहिली: "पायाखाली बरं होतं, बाबा."

मग रीप जागेवर बसवली आणि पहिला खिळा ठोकला.