त्या रविवारी मी रिकामे होते

मित्रांनो, मी एक जुने म्यान आहे. तलवारीचे नव्हे, पिस्तुलाचे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका खोगीर शिवणाऱ्या कारागिराने मला गाईच्या जाड कातड्यातून शिवले. चाप पूर्ण झाकून ठेवायचा, कोणाचे बोट चुकूनही तिथे पोचू द्यायचे नाही, एवढेच माझे काम.

लोरेटा प्रुइटने मला विकत घेतले. ती गुराढोरांची डॉक्टर. दूरदूरच्या गोठ्यांवर एकटीच जायची. एकदा आडरस्त्याला दोघांनी तिची गाडी अडवली, तेव्हापासून तिने पिस्तूल बाळगायचे ठरवले. पण आधी ती निवृत्त पोलीस व्हर्ल हॅस्किन्स यांच्याकडे शिकायला गेली. महिनाभर त्यांनी तिला एक गोळीसुद्धा दिली नाही. रिकामे पिस्तूल माझ्यातून काढायचे, परत ठेवायचे, बोट चापापासून लांब.

“व्हर्लकाका, गोळी कधी झाडायची?”

“ती वेळ येऊ नये म्हणूनच शिकतेयस ना? कोणी शिवी दिली तर काय करशील?”

“गाडीत बसून निघून जाईन.”

“आणि मागून भित्री म्हणाला तर?”

“म्हणू दे.”

“मग भर आता गोळ्या,” काका हसले.

अकरा वर्षे मी सदऱ्याखाली तिच्या कमरेला होते. शेजाऱ्यांनाही पत्ता नव्हता. घरी आली की हात धुण्याआधी ती मला पिस्तुलासकट लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावी.

मग तिचा धाकटा भाऊ ड्यूई तिच्याकडे राहायला आला. पिस्तूल बाळगण्याआधी ते शिकून घ्यायची सक्ती कायद्यात आता उरली नव्हती. त्याला हे सारे थोतांड वाटे.

“ताई, पिस्तूल आहे का तान्हं बाळ? खिशात टाकलं की झालं!”

“तुझ्या खिशात चष्मा टिकत नाही, ड्यूई.”

एका शनिवारी अडलेल्या गाईपाशी दिवस घालवून लोरेटा तापाने फणफणत घरी आली. मला तिने खुर्चीच्या पाठीला अडकवले आणि अंथरुणावर अंग टाकले. पेटीचे झाकण वाजण्याची मी वाट पाहिली. ते वाजलेच नाही.

सकाळी ड्यूई चर्चला निघाला. मला पाहून थांबला. मी त्याच्या पट्ट्यात बसेना, तेव्हा त्याने पिस्तूल उपसून जॅकेटच्या खिशात टाकले. वर गाडीच्या किल्ल्या टाकल्या. मला ओरडता येत नव्हते. दार लागले.

तासाभराने फोन वाजला. चर्चच्या तळघरात सगळे न्याहारीला जमले होते. ड्यूईने किल्ल्या काढायला खिशात हात घातला आणि गोळी सुटली. ती समोर बसलेल्या व्हर्लकाकांच्या गुडघ्यात शिरली. पाय कापावा लागला. ड्यूईवर खटला झाला. आता तो कडाक्याच्या थंडीतही खिशात हात घालत नाही.

लोरेटा मला घेऊन काकांच्या खाटेपाशी गेली. “काका, जाळूनच टाकते हे.”

“चामडं जाळून काय होणार? पिस्तूल पेटीबाहेर कोणी ठेवलं?”

तिने मला मांडीवर ठेवले. “मी.”

“मग हेच माझ्या पिस्तुलाच्या वर्गात सांग. सोमवारी नवी माणसं येतायत, आणि मला उभं राहता येत नाही.”

मित्रांनो, शस्त्र बाळगणारा थकतो, आजारी पडतो, चिडतो. शस्त्राला यातले काही कळत नाही. म्हणून मोठ्यांना सांगा, अंगात त्राण नसले तरी कुलूप लावल्याशिवाय पाठ टेकू नका.

दर वर्गात लोरेटा मला वर धरते आणि सगळे सांगते. परवा मागच्या रांगेतला एक माणूस हसून म्हणाला, “आमच्या घरात असं व्हायचं नाही.”

लोरेटाने त्याच्याकडे पाहिले.

“मीही हेच म्हणायचे,” ती म्हणाली.