कॅनोलातली गाय

"ट्वेटन आजोबा, तुमच्या चित्रात सगळं आभाळच असतं, ते गाय काढता येत नाही म्हणून का?"

हे विचारायची मैत्रिणींशी लावलेली पैज दारकाने दारातच उरकली. हातात आईने दिलेला, बटाट्याचं सारण भरलेल्या गरम पेरोगींचा डबा होता, त्यामुळे हाकलून लावतील अशी भीती नव्हती.

म्हाताऱ्या चित्रकाराने ब्रश पुसला. "माझी गाय सोफ्यासारखी दिसते गं. म्हणून आयुष्यभर सगळ्या गाई कोठारामागेच उभ्या केल्या."

दारका ह्रित्साक आली होती ती खरं तर बाबांच्या कामाला. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या या सपाट मुलखात माणसाची अब्रू पेरणीच्या ओळीवर ठरते. बाबा वसंतात शेजारच्या ओल्सनच्या वाकड्या ओळींकडे बघून हसत बसले आणि त्यांचाच एक पट्टा पेरायचा राहिला. मोहरीसारखा कॅनोला फुलल्यावर पिवळ्याजर्द शेतात तो भांगासारखा उघडा पडला. ट्वेटननी नेमकं तेच रंगवलं. रविवारी गावजेवणाला चित्र हॉलमध्ये लागणार होतं.

"बाबा म्हणतात, तेवढा पट्टा बुजवा."

"शेत तुमचं, तूच बुजव." त्यांनी ब्रश पुढे केला.

दारकाने पिवळा रंग थापला. शेताचं ऑम्लेट झालं. तिने तो रंग सुरीने खरवडून काढला. मग डोकं चाललं: पट्ट्यावर गाय उभी केली तर? घरची गाय ती रोज बघत होती. रुंद ढुंगण, वैतागलेलं तोंड, झाली गाय.

ट्वेटननी चष्मा वर केला, खाली केला. "अगं, ही रवंथ करतेय," ते हळूच म्हणाले. "शनिवारी येत जा. कोठारामागच्या सगळ्या बाहेर काढू."

दारका तरंगतच घरी आली आणि जेवताना सगळं सांगून टाकलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"कॅनोलात गाय? पेरता येत नाही हे कळलंच आहे लोकांना, आता म्हणतील ह्रित्साकला कुंपणही घालता येत नाही."

"मग पट्टाच बरा की," आई हसू दाबत म्हणाली.

बाबांनी ताटातला बटाटा ठेचला. "पट्टा राहू दे," ते म्हणाले. "ओल्सनच्या शेताचं चित्र आहे का गं त्यांच्याकडे?"

"आहे. गाय तिकडेच हलवते," दारका म्हणाली. "आणि दर शनिवारी मी ट्वेटन आजोबांकडे चित्रकला शिकायला जाणार. कोंबड्यांचं खुराडं झाडायचं माझं काम त्या दिवशी तुम्ही दोघं करा. माझं ठरलंय."